आकड्याचे वाचन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अकरावीच्या प्रवेशाची धांदल ओसरली होती आणि शाखाबदलाचे अर्ज येऊ लागले होते. एक गृहस्थ मुलीला घेऊन मराठी विभागात आले. मुलगी मराठी माध्यमातून दहावी झालेली, कला शाखेत नुकतीच प्रवेश घेतलेली, आणि पहिल्या पंधरवड्यातच आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलेली; वर्गात शेवटच्या बाकावर बसून ती नेमका प्रश्न विचारीत असे. वडिलांच्या हातात एक गुळगुळीत, रंगीत आलेखांची फाइल होती. कुठल्याशा संस्थेने घेतलेल्या अभिक्षमता चाचणीचा तो अहवाल. त्यात 'भाषिक क्षमता' या शीर्षकापुढे ४२ आणि 'संख्यात्मक क्षमता' यापुढे ५५ असे आकडे होते. वडील म्हणाले, "मॅडम, भाषेत बेचाळीस म्हणजे जेमतेम पास. मग आर्ट्सला ठेवून काय उपयोग? कॉमर्सला घालतो."

आम्ही आमच्या परीने बोललो. मुलीची आवड पाहा, तिचे लेखन पाहा, घाई करू नका, असे सगळे सांगून झाले. ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाले, "सर, तुमचं ते मत झालं. इथं आकडा आहे."

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलगी वाणिज्य शाखेत गेली. आम्ही दोघेही मराठीचे एम.ए.; गणिताशी आमचा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला होता, आणि तो संपल्याचा आम्हांला थोडासा अभिमानच होता. त्या दिवशी तो अभिमान फार महाग पडला असे वाटले. पुढे मानसशास्त्र विभागातील सहकाऱ्यांकडे बसून, पाठ्यपुस्तके वाचून, कागदावर पुन्हा पुन्हा गणिते करून आम्ही जे थोडेफार शिकलो, त्याच्या आधारे हा लेख लिहीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याच्या हाती दुसऱ्या माणसाचा मानसशास्त्रीय गुणांक येतो, मग तो शिक्षक असो, पालक असो वा अधिकारी, त्याला चारपाच सांख्यिकी कल्पना माहीत असणे ही त्याची नैतिक जबाबदारी आहे. त्या कल्पना अवघड नाहीत. आपण त्यांच्याकडे पाहतच नाही, एवढीच अडचण आहे.

पहिली गोष्ट, त्या अहवालातील ४२ हे टक्के नव्हतेच. ते शततमक होते. शंभर मुलांना गुणांच्या क्रमाने उभे केले, तर या मुलीच्या मागे सुमारे बेचाळीस मुले असतील, एवढाच त्याचा अर्थ. शंभरपैकी बेचाळीस प्रश्न बरोबर आले असा त्याचा अर्थ नाही, आणि पस्तीसला उत्तीर्ण या आपल्या हाडीमाशी खिळलेल्या हिशेबाशी तर त्याचा काहीच संबंध नाही. पन्नासावे शततमक म्हणजे बरोबर मधोमध. आज जेईई आणि सीईटीच्या निकालांमुळे 'पर्सेंटाइल' हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. अर्थ मात्र शब्दाच्या मागे राहिला आहे.

मुळात कच्च्या गुणांना स्वतःचा अर्थ नसतो. एखाद्याला ६० गुण मिळाले, यावरून काहीच कळत नाही. ते कशाच्या तुलनेत, हे विचारावे लागते. सरासरी ५० असेल तर साठ चांगले, हे कोणीही सांगेल. पण किती चांगले? त्यासाठी सगळ्यांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, हे पाहावे लागते. या पसाऱ्याच्या मापाला 'प्रमाण विचलन' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कार्ल पिअर्सनने हे नाव रूढ केले. एका चाचणीची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन ५ असेल, तर तेथील ६० हा गुण सरासरीहून दोन विचलने वर आहे. दुसऱ्या चाचणीची सरासरी ६५ आणि विचलन १० असेल, तर तेथील ७० हा गुण जेमतेम अर्धे विचलन वर आहे. म्हणजे साठ हा सत्तरापेक्षा मोठा ठरू शकतो. गुण जेव्हा घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्रानुसार पसरलेले असतात, तेव्हा सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका विचलनाच्या आत सुमारे ६८ टक्के माणसे येतात आणि दोन विचलनांच्या आत सुमारे ९५ टक्के. पहिल्या चाचणीतला साठवाला मुलगा म्हणूनच शंभरांत अठ्ठ्याण्णवाच्या आसपास उभा असतो.

आता शततमकाची एक गंमत, जिने आम्हांला बराच काळ चकवले. शततमकाच्या पायऱ्या समान उंचीच्या नसतात. वक्राच्या मध्यभागी माणसांची दाटी असते, कडेला ती विरळ होते. सरासरी १०० आणि विचलन १५ अशा मोजपट्टीवर पन्नासाव्या शततमकापासून साठाव्यापर्यंत जायला जेमतेम चार गुण पुरतात. एकोणनव्वदाव्यापासून नव्याण्णवाव्यापर्यंत जायला सुमारे सोळा लागतात. दोन्हीकडे फरक दहाचाच दिसतो. अहवालातील उभे रंगीत खांब ही गोष्ट लपवितात. त्या मुलीचे ४२ आणि ५५ याच पट्टीवर उतरवले तर अनुक्रमे ९७ आणि १०२ येतात. तेरा गुणांचे वाटणारे अंतर प्रत्यक्षात पाच गुणांचे होते, आणि दोन्ही आकडे सरासरीला चिकटून होते.

तरीही पाच म्हणजे पाचच, असे कोणी म्हणेल. इथे तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची कल्पना येते: मापनाची प्रमाण त्रुटी. कोणतीही चाचणी तराजूइतकी अचूक नसते. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी, वेगळ्या खोलीत, थोड्या वेगळ्या प्रश्नांना सामोरी गेली, तर तिचे गुण थोडे बदलतील. किती बदलू शकतात, हे चाचणीच्या विश्वसनीयतेवरून काढता येते. सूत्र अगदी सोपे आहे: एकातून विश्वसनीयतेचा गुणांक वजा करावा, उरलेल्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याने प्रमाण विचलनाला गुणावे. विश्वसनीयता ०.९१ असेल, तर विचलन १५ असताना त्रुटी साडेचार गुणांची येते. हे फार चांगल्या चाचणीचे उदाहरण झाले. त्या अहवालात विश्वसनीयतेचा उल्लेखच नव्हता. आपण ती ०.८५ धरू. मग त्रुटी ५.८ गुणांची येते. मुलीच्या ९७ या गुणाभोवती ९५ टक्के खात्रीची कक्षा काढली तर ती सुमारे ८६ ते १०८ अशी पसरते. शततमकाच्या भाषेत सांगायचे तर सुमारे अठरापासून सत्तरपर्यंत. आणि दोन गुणांकांची तुलना करताना दोहोंची त्रुटी एकत्र येते. इथे ती आठ गुणांच्या वर जाते. ज्या फरकात आठ गुणांची चूक सहज संभवते, तिथे पाच गुणांच्या फरकावर एका मुलीची शाखा बदलली गेली.

इथे एक कबुली द्यायला हवी. ही त्रुटी दोन्ही बाजूंनी चालते. मुलीची भाषिक क्षमता अहवालातल्यापेक्षा जास्त असू शकते, तशीच कमीही असू शकते. आम्हांला ती मुलगी आवडत होती म्हणून आम्ही कक्षेचे वरचे टोक धरून बसावे, हाही आकड्याचा गैरवापरच झाला असता. प्रमाण त्रुटी आपली बाजू घेत नाही. 'या दोहोंत फरक आहे असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही' एवढेच ती सांगते. निर्णय करायचाच तर इतर गोष्टींवरून करा. वडिलांना आम्ही हे सांगू शकलो असतो, तर निदान निर्णय कुणी घेतला, हे तरी स्पष्ट झाले असते. आकड्याने घेतला, असे म्हणण्याची सोय उरली नसती.

हा केवळ शाखाबदलापुरता प्रश्न आहे असे वाटू नये, म्हणून एक दूरचे उदाहरण. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली 'ॲटकिन्स विरुद्ध व्हर्जिनिया' या खटल्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला देहदंड देता येणार नाही, असा निर्णय दिला. बौद्धिक अक्षमता ठरवायची कशी, हे मात्र राज्यांवर सोपविले. फ्लोरिडा राज्याने रेषा आखली: बुद्धिगुणांक ७० किंवा त्याखाली असेल तरच पुढचा पुरावा ऐकू. फ्रेडी ली हॉल या कैद्याचा गुणांक ७१ भरला. एका गुणामुळे त्याच्या आयुष्याची बाकीची हकीकत ऐकण्याचे दारच बंद झाले. २०१४ साली 'हॉल विरुद्ध फ्लोरिडा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही ताठर रेषा घटनाबाह्य ठरविली. कारण दिले ते नेमके हेच, की चाचणीला मापनाची प्रमाण त्रुटी असते, गुणांक हा एक ठिपका नसून एक कक्षा असतो, आणि चाचणी बनविणारे स्वतः तसे सांगत असताना राज्याला त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. पुढे २०१६ साली फ्लोरिडाच्या न्यायालयाने हॉलचा देहदंड रद्द केला. वर्गमूळाच्या एका साध्या सूत्रावर माणसाचा जीव टांगलेला असू शकतो, हे आम्हां साहित्याच्या माणसांना तोवर कुणी सांगितले नव्हते. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अनेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेषा आहे. प्रशासनाला रेषा लागतेच, हे आम्हांला मान्य आहे. पण रेषेच्या अलीकडे-पलीकडे अगदी काठावर उभ्या असलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा पाहण्याची तरतूद असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

खरे तर ही तरतूद आपल्या शिक्षणव्यवस्थेला अपरिचित नाही. आपण तिला ग्रेस मार्क म्हणतो. चौतीसला नापास आणि पस्तीसला पास करताना परीक्षकाच्या मनाला जी टोचणी लागते, तीच या प्रथेच्या मुळाशी असावी. आम्ही दोघांनी एकदा हौसेने एकच निबंध एकमेकांना न दाखवता तपासला. एकाने वीसपैकी अकरा दिले, दुसरीने पंधरा. दोघेही वीस वर्षांचे अनुभवी! तेव्हा चाचणीकारांना दूषणे देण्याआधी आपल्या लाल शाईची प्रमाण त्रुटी किती, हे आपण विचारलेले बरे. मानसशास्त्रीय चाचणीचा मोठेपणा हाच, की ती आपली चूक किती असू शकते हे मोजून सांगू शकते. आमचे गुणपत्रक ते सांगत नाही. म्हणून आम्ही चाचण्यांच्या विरोधात नाही. शिक्षकाची केवळ 'नजर' ही त्याहून अधिक न्यायी असते, असेही आम्ही म्हणणार नाही. त्या नजरेत मुलाचे आडनाव, कपडे आणि बोली हे सगळे मिसळलेले असते. आमची तक्रार चाचणीने मोजून दिलेली चूक अहवालातून गाळून टाकण्याविषयी आहे.

चौथी कल्पना मानकांची. शंभरांत बेचाळीस, पण ते शंभर कोण? ज्या गटावर चाचणी प्रमाणित केली, तो गट कोणत्या शहरातला, कोणत्या माध्यमातला, कोणत्या साली तपासलेला? त्या अहवालातली चाचणी इंग्रजीत होती. मराठी माध्यमातली मुलगी इंग्रजी शब्दांचे समानार्थ शोधीत होती, आणि निष्कर्ष 'भाषिक क्षमता' या नावाने छापला गेला. तिथे मोजली गेली ती इंग्रजीची ओळख. चाचणी जे मोजण्याचा दावा करते तेच ती मोजते का, या गुणाला शास्त्रात 'सप्रमाणता' म्हणतात. विश्वसनीय चाचणी सप्रमाण असतेच असे नाही. दहा मिनिटे पुढे असलेले घड्याळही रोज अगदी नेमाने दहा मिनिटे पुढेच असते.

हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींना चांगला ठाऊक होता. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन श्रेणी सिद्ध केली, ती शाळेत ज्यांना अधिक मदतीची गरज आहे अशी मुले ओळखण्यासाठी. विल्यम स्टर्नने १९१२ साली मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. आठ वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलाची कामे करू लागला तर गुणांक १२५. लुइस टर्मनने १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत हा भागाकार रूढ केला. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात या श्रेणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. प्रश्न नुसते भाषांतरित करून भागत नाही, ते इथल्या मुलांवर पुन्हा तपासून वयाच्या पायऱ्यांवर नव्याने बसवावे लागतात, ही जाण त्या कामात होती. मराठीत असे काम झाले होते, याचा अभिमान जरूर बाळगावा; पण मानके शिळी होतात, हेही विसरू नये. जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी दाखविले, की विसाव्या शतकात अनेक देशांत चाचण्यांवरील सरासरी कामगिरी पिढीगणिक चढत गेली. अमेरिकेत दशकाला साधारण तीन गुणांनी. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या मानकांवर आज मोजले, तर नऊएक गुण फुकटचे मिळू शकतात. काठावरच्या मुलाला मिळणारी मदत त्या नऊ गुणांपायी हुकू शकते.

भागाकाराचीही एक गोष्ट आहे. प्रौढांच्या बाबतीत तो कोलमडतो. चाळीस वर्षांच्या माणसाने पन्नास वर्षांच्या माणसासारखे उत्तर दिले, याला काय अर्थ? म्हणून डेव्हिड वेक्सलरने १९३९ साली तो सोडला आणि आपल्या वयोगटाच्या सरासरीपासून माणूस किती विचलने दूर आहे, हे सांगण्याची पद्धत आणली. सरासरी १००, विचलन १५ ही पट्टी त्याचीच. नाव मात्र गुणांकच राहिले. शब्द टिकतो आणि आतला अर्थ बदलतो, हे आम्ही भाषेच्या वर्गात रोज शिकवितो. इथे त्याचा विसर पडतो आणि लोक गुणांकाला उंचीसारखी किंवा रक्तगटासारखी माणसाच्या अंगची वस्तू समजतात. तो खरे तर रांगेतली जागा आहे. रांग बदलली की जागा बदलते. बिनेने स्वतः १९०९ मध्ये, मुलाची बुद्धी ही ठरलेली आणि न वाढणारी राशी आहे असे मानणाऱ्या निराशावादाचा निषेध केला होता. दोन वर्षांनी तो वारला; त्याची श्रेणी जगभर गेली, हा इशारा मात्र मागेच राहिला.

आपल्या समाजात तर याला आणखी एक वळण आहे. कागदावरच्या आकड्यांवरून माणसाचे भविष्य सांगण्याची सवय आपल्याला जुनी आहे. छत्तीसपैकी किती गुण जुळले, यावर लग्ने मोडतात. अभिक्षमतेचा अहवाल घरात येतो तो या सवयीच्या वाटेने येतो, आणि पत्रिकेसारखा कपाटात ठेवला जातो. एक फरक मात्र आहे: पत्रिका आपली प्रमाण त्रुटी सांगू शकत नाही, चाचणी सांगू शकते. ती सांगायला तिला भाग पाडणे हे आपले काम आहे.

म्हणून काही मागण्या. अहवालात एकच आकडा छापू नये; कक्षा छापावी. चाचणीची भाषा, मानकांचे वर्ष आणि मानकगट यांचा उल्लेख पहिल्याच पानावर असावा. 'शततमक म्हणजे टक्के नव्हेत' हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत असावे. दोन क्षमतांमधला फरक त्रुटीपेक्षा लहान असेल, तर 'फरक नाही' असे स्पष्ट लिहावे. आणि शिक्षकांसाठी जी उद्बोधन शिबिरे भरतात, त्यांतल्या एका दुपारी एखाद्या शिक्षकाने फळ्यावर हे चार हिशेब करून दाखवावेत. आम्हांला ते जमले, म्हणजे कुणालाही जमेल.

ती मुलगी बी.कॉम. झाली, चांगल्या श्रेणीत झाली. मधल्या काळात ग्रंथालयात अधूनमधून भेटत असे. तिचे नुकसान झाले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणण्याइतका पुरावा आमच्याकडेही नाही. खंत एवढीच, की "इथं आकडा आहे" असे वडील म्हणाले तेव्हा ती फाइल आमच्या समोर उघडी होती, आणि आम्हांला ती वाचता आली नाही. आम्ही, ज्यांचा व्यवसायच वाचायला शिकविण्याचा आहे.